जुन्या ई-मेलच्या तारखा दुरुस्त करताना

'थु, ०५ फेब ९८ १४:२०:०० ईएसटी'. नव्वदच्या दशकातल्या ई-मेलच्या हेडरमध्ये तारखेची ओळ अशी दिसते. मूळ ओळ रोमन अक्षरांत असते, इथे ती देवनागरीत दिली आहे. माणसाला ती वाचायला अडचण येत नाही: १९९८ सालची ५ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची वेळ. हीच ओळ वेगवेगळ्या प्रोग्रामना द्या. एक तिला १९९८ समजतो, दुसरा इसवी सन ९८ समजतो, तिसरा 'ईएसटी' न कळल्यामुळे पाच तास चुकतो, आणि चौथा हात टेकून त्या पत्रावर १ जानेवारी १९७० अशी तारीख लावून मोकळा होतो. पत्र हरवलेलं नसतं, पण सालानुसार शोधलं तर सापडत नाही, आणि उत्तर मूळ पत्राच्या आधी आल्यासारखं दिसतं.

विद्यापीठांचे विभाग, वृत्तपत्रांची कार्यालयं, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, जुन्या कंपन्या, अशा अनेकांकडे तेव्हाचा पत्रव्यवहार साठून आहे. विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे आपल्याकडची सुरुवातीची ई-मेल नेमकी या दोन आकडी सालांच्या काळातली आहेत. हा पत्रव्यवहार नव्या यंत्रणेत हलवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, किंवा जुना मेल-प्रोग्राम जे अजून चालवत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सगळ्या कामाचं सूत्र आधी सांगून ठेवतो. मूळ तारखेला हात लावायचा नाही. तिचा अर्थ शेजारी वेगळा नोंदवायचा, आणि तो कोणत्या नियमाने लावला हेही त्यासोबत लिहायचं. पुढची प्रत्येक पायरी या सूत्रातूनच निघते.

नियम कधी बदलले

ई-मेलच्या मजकुराचे नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिलेले असतात. ऑगस्ट १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी तयार केलेल्या आरएफसी ८२२ मध्ये सालाला दोनच आकडे होते. त्यात टाइमझोन नावाने लिहिता येई, आकड्यांनी लिहिता येई, किंवा लष्करी पद्धतीप्रमाणे एकाच अक्षराने.

ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ ने यात तीन सुधारणा केल्या. पुढचं शतक जवळ येत असल्याने साल चार आकडी लिहावं, टाइमझोन आकड्यांत द्यावा, आणि एकाक्षरी लष्करी टाइमझोनवर विसंबू नये. तिसऱ्या सुधारणेचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. आरएफसी ८२२ मध्ये त्या अक्षरांची अधिक-उणे चिन्हं उलटी छापली गेली होती. काहींनी नियमाप्रमाणे प्रोग्राम लिहिले, काहींनी लष्करी प्रथेप्रमाणे. त्यामुळे अशा अक्षरातून आता काहीच माहिती मिळत नाही, असं आरएफसी ११२३ ने स्पष्ट लिहिलं.

एप्रिल २००१ मध्ये पीट रेझ्निक यांनी संपादित केलेला आरएफसी २८२२ आला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्याची जागा आरएफसी ५३२२ ने घेतली. या दोन्ही दस्तऐवजांनी व्याकरणाचे दोन भाग पाडले. नवं पत्र लिहिणाऱ्या प्रोग्रामने फक्त चालू रूप वापरायचं. वाचणाऱ्या प्रोग्रामने मात्र कालबाह्य रूपंही समजून घ्यायची. कालबाह्य रूपांचा अर्थ कसा लावायचा, तेही तिथे नियमबद्ध आहे. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला अंदाज बांधावे लागतात ते थोड्याच ठिकाणी. बहुतेक कोडी आधीच सोडवून ठेवलेली आहेत.

आधी मोजदाद करा

कोडला हात लावण्यापूर्वी आपल्या साठ्यात तारखांचे किती नमुने आहेत ते पाहा. सोपा मार्ग असा: सगळी तारखेची हेडर एका फाइलमध्ये काढा, प्रत्येक अंकाच्या जागी ९ ठेवा, प्रत्येक रोमन अक्षराच्या जागी 'अ' ठेवा, आणि एकसारखे साचे मोजा. लाखो ओळींतून बहुधा मोजकेच साचे निघतात. सर्वात दुर्मीळ साच्यांपासून वाचायला सुरुवात करा, कारण गडबड तिथेच असते. सालाच्या जागी दोन, तीन किंवा पाच अंक, ऑफसेटला (जागतिक वेळेपासूनच्या फरकाला) तीनच अंक, महिन्याच्या जागी आकडा किंवा अनोळखी लिपी, असं सगळं या यादीत आपोआप वर येतं.

मग या साच्यांचे तीन गठ्ठे करा. पहिल्यात चालू नियमात बसणाऱ्या तारखा, दुसऱ्यात कालबाह्य पण अर्थाचा नियम ठरलेल्या, तिसऱ्यात कोणत्याच नियमात न बसणाऱ्या. दुसरा गठ्ठा प्रोग्राम सोडवील. तिसऱ्यासाठी पुरावा गोळा करावा लागतो.

साल

आरएफसी ५३२२ चा नियम असा. दोन आकडी साल ०० ते ४९ असेल तर त्यात २००० मिळवा. ५० ते ९९ असेल तर १९०० मिळवा. तीन आकडी साल असेल तरी १९०० च मिळवा.

तीन आकडी साल कुठून आलं? सी भाषेत साल १९०० पासून मोजून ठेवलेलं असतं. तिथे १९९८ म्हणजे ९८ आणि २००० म्हणजे १००. शतक उलटलं आणि हा आतला आकडा जसाच्या तसा छापणाऱ्या प्रोग्रामांनी '१००', '१०१' अशी सालं पाठवली. ज्यांनी त्या आकड्याच्या आधी '१९' हे अंक चिकटवले होते, त्यांच्याकडून '१९१००' बाहेर पडलं. हे पाच आकडी साल जास्त धोक्याचं आहे. आरएफसी ५३२२ सालाला किमान चार अंक मागतो, पण कमाल मर्यादा घालत नाही. म्हणून तारखा वाचणारा काटेकोर पार्सरसुद्धा १९१०० ला वैध मानून पुढे जाऊ शकतो. अशा तारखा व्याकरणाने अडत नाहीत, त्यांना वेगळी मर्यादा लावूनच पकडावं लागतं.

आता मुख्य सापळा. दोन आकडी सालाची सीमारेषा सगळीकडे ५० वर नाही. युनिक्स-वर्गातल्या यंत्रणांच्या पॉझिक्स नियमात ती ६९ वर आहे: ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९ आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. पायथनमधली ई-मेल लायब्ररीही हीच सीमा वापरते. त्यामुळे '५५' हे साल एकीकडे १९५५ आणि दुसरीकडे २०५५ होतं. जावातल्या जुन्या तारीख-वर्गात तर सीमा सरकती आहे. दोन अक्षरी सालाचा साचा दिला, तर प्रोग्राम चालवला त्या दिवसाच्या मागची ८० आणि पुढची २० वर्षं धरली जातात. म्हणजे तीच ओळ आज एक अर्थ देईल आणि काही वर्षांनी दुसरा. त्याच वर्गाला चार अक्षरी सालाचा साचा देऊन '९८' वाचायला लावलं, तर तो इसवी सन ९८ धरतो. जतन करायच्या साठ्यासाठी सरकती सीमा कधीच वापरू नका. आरएफसी ५३२२ ची ५० ची सीमा आपल्या कोडमध्ये स्वतः लिहा. लायब्ररीच्या मर्जीवर सोडू नका.

त्यावर शक्यतेची तपासणी लावा. संगणकांच्या जाळ्यावरून ई-मेल पाठवायला रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये सुरुवात केली. त्याआधीची तारीख निघाली, किंवा पत्र आपल्या सर्व्हरवर पोहोचल्यानंतरची निघाली, तर ती थेट तिसऱ्या गठ्ठ्यात टाका.

शतक पडताळायला वाराचीही मदत होते. शंभर वर्षांचे दिवस ३६,५२४ किंवा ३६,५२५ भरतात, आणि सातने भागल्यावर बाकी ५ किंवा ६ उरते, शून्य कधीच नाही. म्हणून एकच तारीख लागोपाठच्या दोन शतकांत एकाच वारी येत नाही. १ जानेवारी १९०० ला सोमवार होता, १ जानेवारी २००० ला शनिवार. हेडरमध्ये वार लिहिलेला असेल तर शतकाचा निकाल त्यावरून लावता येतो. वरच्या उदाहरणातला 'थु' पाहा: ५ फेब्रुवारी १९९८ हा खरोखरच गुरुवार होता.

टाइमझोन

कालबाह्य नावांपैकी फक्त दहा नावांना ठरलेला अर्थ आहे. 'यूटी' आणि 'जीएमटी' म्हणजे +००००. बाकीची आठ अमेरिकेची: ईएसटी -०५००, ईडीटी -०४००, सीएसटी -०६००, सीडीटी -०५००, एमएसटी -०७००, एमडीटी -०६००, पीएसटी -०८००, पीडीटी -०७००. इतर कोणतंही नाव किंवा एकटं अक्षर आलं, तर बाहेरचा पुरावा नसेल तोवर त्याला -०००० मानायचं.

+०००० आणि -०००० यांत अर्थाचा फरक आहे. पहिलं सांगतं की वेळ जागतिक प्रमाणवेळेची आहे. दुसरं सांगतं की वेळ जागतिक प्रमाणवेळेत दिली आहे, पण पाठवणाऱ्याच्या स्थानिक वेळेबद्दल काही माहिती नाही. हा फरक डेटाबेसमध्ये टिकवा. त्यासाठी ऑफसेटचा कॉलम रिकामा ठेवण्याची सोय हवी, कारण शून्य आणि 'माहीत नाही' एकाच जागी बसत नाहीत.

आपल्याशी थेट संबंध असलेलं नाव म्हणजे 'आयएसटी'. ते त्या दहांत नाही, आणि भारत, इस्राएल व आयर्लंड असे तिन्ही देश ते वापरतात. पत्र भारतातल्या सर्व्हरवरून निघालं असल्याचं इतर हेडरवरून सिद्ध होत असेल, तरच +०५३० धरा, आणि हा निर्णय पुराव्यावरून घेतल्याची नोंद ठेवा. '+०५३० (आयएसटी)' असं लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. कंसातलं नाव ही केवळ टीप असते, आकडा खरा.

अर्ध्या तासाचा ऑफसेट अनेक प्रोग्रामांना झेपत नाही. +०५३० मध्ये पहिले दोन अंक तासांचे आणि शेवटचे दोन मिनिटांचे. जो कोड ५३० ला १०० ने भागतो त्याला ५.३ तास मिळतात, म्हणजे ५ तास १८ मिनिटं, आणि भारतातलं प्रत्येक पत्र १२ मिनिटांनी चुकतं. नेपाळच्या +०५४५ ला हाच कोड ५ तास २७ मिनिटं ठरवतो. उणे बाजूला आणखी एक चूक होते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा ऑफसेट -०३३० आहे. उणे चिन्ह तासांना आणि मिनिटांना दोन्हींना लागतं. ते फक्त तासांना लावलं तर अडीच तासच वजा होतात.

वेळ जागतिक प्रमाणवेळेत बदलून मूळ ऑफसेट फेकून देऊ नका. आपल्या उदाहरणातलं पत्र जागतिक वेळेनुसार १९:२० ला लिहिलं गेलं. भारतात तेव्हा ६ फेब्रुवारी लागली होती, रात्रीचे १२ वाजून ५० मिनिटं झाली होती आणि वार शुक्रवार होता. लिहिणाऱ्याने मात्र गुरुवारी दुपारी लिहिलं. 'त्याने ५ तारखेला कळवलं होतं' हे वाक्य खरं की खोटं, ते ऑफसेटवाचून ठरवता येणार नाही.

छोटे पण नडणारे तपशील

वार लिहिणं ऐच्छिक आहे, पण लिहिला तर तो तारखेशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर तारीख बदलू नका, खूण करून ठेवा. सेकंद नसले तरी चालतात. सेकंदांच्या जागी ६० हा आकडाही वैध आहे: ३१ डिसेंबर २०१६ च्या शेवटी जागतिक वेळेत एक जादा सेकंद धरला गेला, तेव्हा भारतात १ जानेवारी २०१७ ची पहाटेची ५:२९:६० झाली होती. तुमचा डेटाबेस ६० स्वीकारत नसेल तर ५९ नोंदवा, आणि मूळ ओळ शेजारी आहेच. कालबाह्य रूपात तारखेच्या मधोमधही कंसातली टीप किंवा जादा मोकळी जागा येऊ शकते. वाचण्यापूर्वी ती काढा.

'०३/०४/९९' अशा निव्वळ आकड्यांच्या तारखा आरएफसी ८२२ पासूनच्या कोणत्याच नियमात बसत नाहीत. ३ एप्रिल की ४ मार्च, हे एका पत्रावरून ठरत नाही. त्याच प्रोग्रामने पाठवलेली इतर पत्रं पाहा. १३ किंवा त्याहून मोठा आकडा कोणत्या जागी येतो ते दिसलं की क्रम कळतो.

तिसरा गठ्ठा: पुरावा गोळा करा

पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जातं, तो प्रत्येक सर्व्हर आपलं 'रिसीव्ह्ड' हेडर सर्वात वर जोडतो, आणि त्याच्या शेवटी अर्धविरामानंतर स्वतःची वेळ लिहितो. म्हणजे वरून पहिलं हेडर तुमच्याच सर्व्हरचं. खालची हेडर पाठवणाऱ्याच्या बाजूची असतात आणि खोटीही असू शकतात. आपल्या सर्व्हरच्या वेळेवर भरवसा ठेवा.

मग पत्रावरची तारीख आणि या वेळेतला फरक काढा. फरकच कारण सांगतो. बरोबर साडेपाच तास असेल तर भारतातली स्थानिक वेळ लिहून तिला +०००० जोडलं गेलं आहे. बारा मिनिटं असेल तर ऑफसेटची दशांश-चूक झाली आहे. पूर्ण तास असतील तर टाइमझोनचं नाव चुकीचं वाचलं गेलं आहे. शंभर वर्षं असेल तर शतक चुकलं आहे. एकाच पाठवणाऱ्याच्या शेकडो पत्रांत तोच फरक दिसला, तर ती यंत्राची चूक आहे आणि एका नियमाने दुरुस्त होऊ शकते. फरक प्रत्येक पत्रात वेगळा असेल तर सरसकट नियम लावू नका.

दुसरे पुरावेही असतात. एम्बॉक्स फाइलमध्ये प्रत्येक पत्राच्या आधी 'फ्रॉम' ने सुरू होणारी ओळ असते आणि तिच्यात पत्र पोहोचल्याची वेळ असते, मात्र टाइमझोन नसतो. मेलडिर पद्धतीत फाइलच्या नावाची सुरुवातच १९७० पासून मोजलेल्या सेकंदांनी होते. 'इन-रिप्लाय-टू' हेडर कोणतं पत्र कशाला उत्तर आहे ते सांगतं, आणि उत्तर मूळ पत्राच्या आधीचं असू शकत नाही. मात्र साठा आधी एकदा हलवला गेला असेल तर फाइलनावातली वेळ हलवण्याच्या दिवसाची असू शकते. हजारो पत्रं एकाच दिवशी आलेली दिसली तर तोच अर्थ घ्या.

मूळ ओळ का जपायची

सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुनं नाव पुसलं जात नाही आणि फेरफाराचा क्रमांक शेजारी येतो, त्यामुळे हक्क कसा बदलत गेला ते कुणालाही तपासता येतं. तारखेचंही असंच ठेवा. प्रत्येक पत्रासाठी पाच गोष्टी नोंदवा: मूळ ओळ अक्षरशः, जागतिक वेळेतला क्षण, मूळ ऑफसेट किंवा रिकामी जागा, लावलेल्या नियमाचं नाव, आणि निष्कर्ष नियमाने निघाला, पुराव्याने निघाला की निघालाच नाही. पाचवी नोंद टाळू नका. 'ठरवता आलं नाही' हे प्रामाणिक उत्तर आहे. चुकीची पण नीटनेटकी तारीख पुढच्या संशोधकाची दिशाभूल करते.

याची तांत्रिक आणि कायदेशीर कारणंही आहेत. २००७ पासून रूढ झालेल्या डीकेआयएम स्वाक्षरीत तारखेचं हेडर बहुधा समाविष्ट असतं. त्यातला एक अंक बदलला तरी स्वाक्षरी जुळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हॅश (फाइलच्या मजकुरातून काढलेला ठसा) लिहायची जागा आहे. फाइल बदलली की हॅश बदलतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मूळ साठ्याची प्रत काढा, तिचा हॅश नोंदवा, आणि ती फक्त वाचता येईल अशी ठेवा.

पत्रं आयमॅपने एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना आणखी एक काळजी घ्या. सर्व्हर हेडरखेरीज स्वतःची एक अंतर्गत तारीख ठेवतो. पत्र नव्या जागी जोडण्याच्या 'अपेंड' आज्ञेत ही तारीख देणं ऐच्छिक आहे. ती दिली नाही तर सर्व्हर हलवण्याचा क्षणच लावतो आणि पंचवीस वर्षांची पत्रं आजच्या तारखेला येऊन बसतात. ती प्रत्येक पत्रासोबत द्या.

नवी तारीख लिहिताना

वाचण्याची बाजू उदार ठेवली तरी लिहिण्याची बाजू कडक हवी. जुना प्रोग्राम अजून पत्रं पाठवत असेल तर ही कामं करा.

पहिलं, तारीख तयार करणारा कोड एकाच ठिकाणी आणा. जुन्या प्रोग्रामांत तो अनेक जागी विखुरलेला असतो, आणि एक जागा दुरुस्त करून दुसरी तशीच राहते. दुसरं, साल नेहमी चार आकडी आणि टाइमझोन नेहमी आकड्यांत लिहा. भारतासाठी +०५३०, पुढचं शून्य न गाळता.

तिसरं, वार आणि महिना इंग्रजीच्या ठरलेल्या तीन अक्षरांतच लिहा. सर्व्हरची भाषा मराठी ठेवली असेल आणि कोड संगणकाच्या भाषेनुसार नावं छापत असेल, तर हेडरमध्ये देवनागरी वार आणि महिने उतरतात आणि पत्र नियमबाह्य होतं. वाचकाला तारीख मराठीत दाखवा, ती दाखवलीच पाहिजे. पण ते काम पडद्याचं आहे, हेडरचं नाही. दिवसांची आणि महिन्यांची इंग्रजी नावं कोडमध्येच यादी करून ठेवणं सर्वात सुरक्षित.

चौथं, जावात सालाचं अक्षर तपासा. लहान 'वाय' कॅलेंडरचं साल देतो, मोठा 'वाय' आठवड्यांच्या मोजणीचं. ३० डिसेंबर २०२४ चं साल मोठ्या 'वाय'ने २०२५ असं छापलं जातं. वर्षाचे बाकी दिवस सगळं बरोबर दिसतं, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

चाचण्या आणि अंमलबजावणी

चाचण्यांच्या यादीत किमान या तारखा ठेवा: साल ४९, ५०, ६८ आणि ६९, साल १०० आणि १९१००, २९ फेब्रुवारी २०००, ऑफसेट +०५३०, +०५४५, -०३३० आणि -००००, 'आयएसटी' आणि एकटं अक्षर, सेकंद ६० आणि सेकंद नसलेली वेळ, न जुळणारा वार, एक अंकी दिवस, आणि १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळचे ८:४४:०८. त्या क्षणी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हयुक्त आकड्यात मावेनासे होतात आणि जुनी यंत्रणा जागतिक वेळेनुसार १३ डिसेंबर १९०१ वर उडी मारते.

नवा पार्सर आधी प्रतीवर चालवा. जुन्या आणि नव्या पार्सरची उत्तरं जिथे वेगळी येतात तेवढीच पत्रं बाजूला काढा आणि त्यातली काही स्वतः वाचा. कारण सांगता येत नाही असा एकही फरक उरला असेल तर खरा साठा हलवू नका.

शेजारच्या यंत्रणा

हीच दुखणी इतर संदेश-पद्धतींतही आहेत. वेबच्या एचटीटीपीमध्ये तारखेची तीन रूपं स्वीकारावी लागतात. त्यातल्या एकात दोन आकडी साल आहे. जून २०२२ च्या आरएफसी ९११० नुसार अशी तारीख ५० वर्षांहून अधिक पुढची वाटली, तर तेच शेवटचे दोन अंक असलेलं मागचं सर्वात जवळचं साल धरायचं. तिथे वेळ कायम 'जीएमटी'तच लिहायची, +०५३० चालत नाही. म्हणून ई-मेलचा तारीख-कोड उचलून वेबसाठी वापरू नका.

सुरक्षा प्रमाणपत्रांत २०४९ पर्यंतची तारीख दोन आकडी सालाच्या प्रकारात आणि २०५० पासूनची चार आकडी प्रकारात लिहायची असते. दीर्घ मुदतीच्या प्रमाणपत्रांमुळे ही सीमा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

कार्ड व्यवहारांच्या आयएसओ ८५८३ च्या जुन्या आवृत्तीच्या संदेशात व्यवहाराच्या स्थानिक तारखेला फक्त महिना आणि दिवस आहे, साल नाहीच. ३१ डिसेंबरचा व्यवहार १ जानेवारीला पोहोचला की चालू साल लावणारा कोड त्याला एक वर्ष पुढे ढकलतो. संदेश पोहोचल्याच्या दिवसाला सर्वात जवळचं साल निवडा. २९ फेब्रुवारीसाठी वेगळी चाचणी ठेवा. स्विफ्टच्या जुन्या संदेशांत मूल्य-दिनांक सहा आकडी आहे: साल, महिना, दिवस, प्रत्येकी दोन अंक. आंतरराष्ट्रीय बँक व्यवहारांचे आदेश मार्च २०२३ पासून चार आकडी सालाच्या आयएसओ २००२२ कडे वळू लागले आणि दोन्ही पद्धती सोबत चालवण्याची मुदत २२ नोव्हेंबर २०२५ रोजी संपली. जुने संदेश मात्र बँकांच्या साठ्यात राहतीलच, आणि त्यांना हीच शिस्त लागेल.

शेवटचं काम कोडचं नाही. साठ्याच्या शेजारी साध्या मजकुराची एक फाइल ठेवा आणि तिच्यात लिहा: सालाची सीमा कोणती धरली, टाइमझोनच्या कोणत्या नावांना कोणता अर्थ दिला, कोणत्या पाठवणाऱ्यांसाठी वेगळा नियम लावला आणि का, किती तारखा न ठरवता सोडल्या, आणि मूळ प्रत कुठे आहे. यंत्रणा पुन्हा बदलेल, माणसंही बदलतील. ही फाइल असेल तर पुढच्या माणसाला तुमचा प्रत्येक निर्णय तपासता येईल, आणि अधिक चांगला पुरावा मिळाला तर तो बदलताही येईल.